गाडीची निगा

मुलांनो, माथेरानमध्ये खाजगी मोटारींना बंदी आहे. नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या आगगाडीने जायचे.

आमची मोटार चौदा वर्षांची आहे. शेजारी म्हणतात, "आता विकून टाका." तरीही ती दरवर्षी हा घाट चढते. तिची खरी परीक्षा उतरताना होते. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि नीट लागत नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरायचे. निघण्यापूर्वी आम्ही ब्रेकचे तेल, टायर आणि रेडिएटरमधले पाणी तपासतो. गाडीत आजी आणि लहान मुले असतात. त्यांचा जीव त्या ब्रेकवर अवलंबून असतो.

आता त्या छोट्या आगगाडीकडे पाहा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. २००५ च्या अतिवृष्टीत त्याचे फार नुकसान झाले. दुरुस्ती झाली आणि २००७ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली.

निगा राखली तर जुनी वस्तूही साथ देते. तुमच्या सायकलच्या साखळीला शेवटचे तेल कधी दिले, ते आठवून पाहा बरे!