बार्शी रोड

ज्या स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असतं तिथं गाव नसतं, गावाकडं जाणारी वाट असते. कुर्डुवाडीच्या फलाटावर उतरलं की मला तिचं जुनं नाव आठवतं : बार्शी रोड. 1860च्या सुमारास जी.आय.पी. रेल्वेचे रूळ सोलापूरला पोचले, पण भगवंताची बार्शी त्या रुळांपासून 21 मैल आत राहिली.

बार्शी काही आडगाव नव्हतं. बालाघाटावरून, निजामाच्या मुलखातून उतरणारा कापूस आणि गळिताचं धान्य इथंच सुटायचं. इथून लमाणांच्या बैलांवर आणि गाड्यांत लादून तो माल घाट उतरायचा, कोकणातल्या बंदरांकडं जायचा. रूळ आले आणि माल तोच राहिला, त्याचं तोंड फिरलं. महिन्याची वाट 21 मैलांवर आली. लमाणांचे बैल रिकामे झाले. या मधल्या 21 मैलांवर गाडीवान मात्र जगले.

तेही किती दिवस? 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं बार्शी रोडवरून थेट बार्शीत छोटी गाडी आणली. दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. लोक तिला ‘बार्शी लाईट’ म्हणत. बार्शी तिथं सरशी, ही म्हण मिरवणाऱ्या गावाच्या दारात आता वाघीण उभी राहू लागली.

पण रूळ कुणाच्या दारात कायमचा थांबत नाही. बार्शी लाईट 1906 साली पंढरपूरला गेली, वारकऱ्यांची झाली. दुसरीकडं ती येडशीचा घाट चढून, जुन्या तगरच्या, म्हणजे आजच्या तेरच्या परिसरातून 1911 साली लातूरला पोचली. तगरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात होता. पेठा उठतात आणि बसतात, हे या मातीला नवं नाही. ज्या पोत्यांना पूर्वी बार्शी गाठावी लागे, ती आता लातुरातच वाघिणीत चढवता येऊ लागली. 1917 साली तिथं गंजगोलाईची बाजारपेठ उभी राहिली, सोळा रस्ते एका गोलात आणणारी. बार्शी आता शेवटचं स्टेशन नव्हती. मधलं झाली होती. जिल्ह्याचं गाव धाराशिव तर बाजूलाच राहिलं होतं. त्याच्या अंगणात गाडी आली ती थेट ब्रॉडगेज झाल्यावर, शतक उलटून.

1927 साली दुसरं टोक मिरजेला टेकलं. तेव्हापासून या वाटेनं कापूस गेला, शेंग गेली, डाळ गेली, कामाच्या शोधात माणसंही गेली. रूळ दोन्हीकडं धावतात खरे, पण आमच्या बाजूनं भरून जाणंच जास्त झालं.

एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, याच वाटेनं मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत दहा वाघिणींची एक गाडी भरून लातूरला आली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं.