दम राखून

उत्तेजकांचं प्रकरण उघड झाल्यावर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगविषयी आता फार प्रेमानं बोलावं असं काही उरलेलं नाही. तरी १९९६ सालचा त्याचा एक निर्णय मला मोलाचा वाटतो. वृषणाचा कर्करोग फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. नेहमीच्या केमोत तीन औषधं असतात: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिन. त्यातलं ब्लिओमायसिन फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. म्हणून इंडियानापोलिसच्या डॉक्टरांनी त्याच्याऐवजी आयफोस्फामाइड सुचवलं. त्याचा त्रास उपचारांच्या दिवसांत जास्त, पण दम शाबूत. त्यानं ते पत्करलं. मरण समोर असताना गडी पुढच्या घाटाचा हिशेब करत होता!

हा हिशेब शक्य झाला तो सिसप्लॅटिनमुळे. १९६५च्या सुमारास मिशिगनमध्ये शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणू लांबत गेले, पण दुभंगेनात. ही करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून उतरलेल्या संयुगाची, म्हणजे सिसप्लॅटिनची होती. १९७४ मध्ये डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते याच आजाराच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. आपला क्रिकेटपटू युवराज सिंग २०१२ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली बरा झाला. त्याची गाठ छातीत होती, पण जातकुळी हीच.

आजार पसरलेला नसेल तर निवड आणखी अवघड, असं मला वाटतं. जांघेत छेद देऊन वृषण काढतात. मग सेमिनोमा हा प्रकार असेल तर कार्बोप्लॅटिनचा एखादा डोस, दुसऱ्या प्रकारात केमोची एक फेरी किंवा पोटामागच्या लसिकाग्रंथी काढणं. नाहीतर नुसती पाळत: ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, सीटी स्कॅन. बहुतेकांचा आजार पुन्हा डोकं वर काढत नाही. ज्यांचा काढतो, तेही बहुतेक केमोनं बरे होतात. पण आपल्याकडे औषध न देणाऱ्या डॉक्टरवर कुणाचा विश्वास बसतो? ‘काहीच नाही का करणार?’ म्हणत घरचे दुसरा डॉक्टर गाठतात. विशी-तिशीतल्या मुलाला नको असलेलं विष टळतंय, हे त्यांच्या गळी उतरवायला वेळ लागतो.

आणि मूलबाळ? एक वृषण धड असेल तर सहसा अडत नाही, पण केमोनं शुक्राणू घटू शकतात. आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. हा विषय मुलगा आपणहून काढणार नाही, वडील शेजारी बसलेले असताना तर नाहीच. तो डॉक्टरांनीच काढावा, वडिलांना जरा बाहेर बसायला सांगून.