दारावर दोन नावे

एका रविवारी आमचा भाचा जेवायला आला. चाकणच्या एका कारखान्यात तो कामाला आहे. वय एकतीस. जेवणे झाली, ताटे उचलली, तरी हा जागचा हलेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, “मामा, खोली बघायची आहे. दोघांसाठी.”

आम्हाला आनंद झाला. आम्ही विचारले, “मुलगी कुठली?”

उत्तर स्वयंपाकघरातून आमच्या पत्नीने दिले. “मुलगी नाही. मागे जयंतीला दवाखान्यातला तो ब्रदर आला होता ना याच्याबरोबर, तो. तीन वर्षं झाली त्यांना.”

म्हणजे घरात ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आम्हाला. गेली वीस वर्षे आम्ही वस्तीत सामाजिक काम करतो. कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाचा प्रॉव्हिडंट फंड अडकला, की लोक आमच्याकडे येतात. 14 एप्रिलला आम्ही समतेवर भाषण करतो. आणि सख्ख्या बहिणीच्या मुलाला हे आमच्यापाशी बोलायला तीन वर्षे लागली! त्यातही आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : “अरे, लग्न केलंस की होईल सगळं सुरळीत.”

तो शांतपणे म्हणाला, “आणि त्या पोरीचं काय मामा?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या रविवारपासून आम्ही त्याच्याबरोबर खोली बघायला निघालो.

येथे एक खुलासा करतो, कारण आमचाही गोंधळ होता. समलिंगी म्हणजे तृतीयपंथी नव्हे. आमच्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने 2022 साली तृतीयपंथी बांधवांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण भाच्याची गोष्ट निराळी. तो पुरुष आहे आणि त्याचे मन पुरुषावर आहे, इतकेच. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे असे नाते हा गुन्हाही राहिलेला नाही. कायदा मोकळा झाला, पण कायद्यात राहता येत नाही. राहायला खोली लागते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात कॅस्ट्रो नावाचा भाग आहे. समलिंगी माणसे तेथे गेली अनेक वर्षे उघडपणे राहतात. आपल्याकडे मोशी ते वाकड असा विभाग नकाशावर दाखवता येणार नाही. येथे प्रत्येक दार ठोठावूनच पाहावे लागते.

प्रथम चाकण पाहिले. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी या भागांत कामगारांसाठी खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. एकेका खोलीत चार-पाच मुले, पाळीप्रमाणे झोपणारी. तेथे दोन पुरुष एकत्र राहिले तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. आम्ही म्हटले, हे तर सोपे झाले. भाचा म्हणाला, “मामा, आज दोघं आहोत. उद्या मालक म्हणेल, अजून दोघं घ्या, खोली मोठी आहे. त्याला नाही कसं म्हणू?” कोणाचे लक्ष नसणे आणि कोणी मान्य करणे यांत फरक आहे, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले.

मग पिंपळे सौदागर आणि वाकड. तेथे संगणकाच्या कंपन्यांतली देशभरची माणसे राहतात, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. त्याचा मित्र म्हणाला, “इथे बरं आहे, कोणी विचारत नाही.” पण एका सोसायटीच्या फाटकावरच पाटी होती, बॅचलरना जागा मिळणार नाही. दुसरीकडे एजंटने फोनवर होकार दिला आणि आडनाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक “दुसऱ्याला दिला”. तिसरीकडे सगळे जुळले, तर भाडे भाच्याच्या अर्ध्या पगाराएवढे.

परतताना बसमध्ये आम्हाला आमचे दिवस आठवले. बी. कॉम. होऊन आम्ही मराठवाड्यातून पिंपरीत आलो, तेव्हा एका चाळमालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग म्हणाला, “खोली रंगवायची आहे, पुढच्या महिन्यात या.” ती खोली अजून रंगतेच आहे. त्यापुढच्या मालकाला आम्ही अर्धेच नाव सांगितले. सात महिने तेथे राहिलो. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत ठेवून राहिलो. त्या सात महिन्यांची लाज आजही जात नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या वाट्याला याहून कठोर प्रसंग आला. परदेशात शिकून 1917 साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्यांची अडचण सांगून टाळले. शेवटी ते कामाठी बागेत जाऊन बसले. हा प्रसंग आम्ही भाषणात अनेकदा सांगितला आहे. पण खोटे नाव लावून छपराखाली झोपणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागत असेल, हा विचार आम्ही त्या दिवशी बसमध्ये प्रथम केला. शेजारी भाचा बसला होता. तो तीन वर्षे असाच झोपत होता.

चौथ्या रविवारी आमच्या पत्नीने सरळ सांगितले, “आपली वरची खोली रिकामी आहे. ती द्या पोरांना.” आम्हालाही पटले. आपली वस्ती, आपली माणसे. पण भाचा म्हणाला, “नको मामी. इथं सगळे आपले आहेत, म्हणूनच नको.”

हे वाक्य आम्हाला लागले, आणि लागायलाच हवे होते. आमच्या वस्तीत कोणाच्या घरी कोण आले, किती वाजता गेले, हे सर्वांना ठाऊक असते. आजारपणात हेच गुण उपयोगी पडतात. पण ज्याच्याजवळ लपवावे असे काही आहे, त्याला तीच माया जाचते. तेवढ्यात झालेही तसेच. हे कानावर जाताच एका वडीलधाऱ्या उपासकांनी आम्हाला तिसऱ्या शीलाची आठवण दिली. आम्ही नम्रपणे विचारले, “दोघे एकमेकांशी प्रामाणिक आहेत, यात कोणाची फसवणूक? उलट एखाद्या मुलीशी लग्न लावून तिला जन्मभर अंधारात ठेवले, तर शील मोडणार नाही का?” ते गप्प राहिले. पटले असे आम्ही म्हणणार नाही.

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली त्यांची बाजू न्यायालयात बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण माणसाच्या अशा प्रश्नांवर उघड बोलणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी घेतली. आपण अजून कुजबुजतो आहोत.

शेवटी जागा मिळाली कासारवाडीत. जुनी दुमजली इमारत. मालकीणबाई खाली एकट्याच राहतात. मित्राला मेट्रो जवळ आणि भाच्याला कंपनीची बस नाशिक फाट्यावर मिळते. बाईंनी विचारले, “लग्न झालेलं नाही का कोणाचं?” आमच्या छातीत धस्स झाले. भाचा म्हणाला, “नाही आजी. आम्ही दोघंच राहणार, कायमचे.” बाईंनी दोघांकडे नीट पाहिले. मग म्हणाल्या, “पाणी एक दिवसाआड येतं. भरून ठेवत जा.”

त्यांना किती कळले, आम्ही विचारले नाही.

कारकुनाचा पेशा असल्याने कागदपत्रे आम्ही पाहिली. अशा मुलांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून येथे लिहितो. भाडेकरारात दोघांचीही नावे घालावीत, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पाहुणा ठरवता येत नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात दिला नाही, तो प्रश्न संसदेवर सोडला. मात्र बँकेत संयुक्त खाते काढता येते आणि एकमेकांना नॉमिनी करता येते, हे केंद्र सरकारने 2024 साली स्पष्ट केले. रेशनकार्डासाठीही दोघांना एकाच कुटुंबातले धरावे, असे त्याच वर्षी राज्यांना कळवले. मुलगा खचला असेल तर पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्थांनी या विषयावर मराठीतून पुष्कळ काम केले आहे, त्याचा आधार घ्यावा.

आमच्या बहिणीला अजून सांगितलेले नाही. ते सांगणे भाच्याचे आहे. तो म्हणेल त्या दिवशी आम्ही उभयता त्याच्याबरोबर गावी जाऊ. हा लेखही त्याला वाचून दाखवूनच पाठवीत आहोत. त्याने दोन खुणेच्या गोष्टी बदलायला लावल्या, त्या बदलल्या.

पौर्णिमेला आम्ही कासारवाडीला गेलो. आमच्या पत्नीने खीर नेली होती. छोट्याशा खोलीत बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, उघड्यावर, ट्रंकेत नव्हे. वंदना झाली. निघताना आम्ही दाराकडे पाहिले. पुठ्ठ्यावर दोन नावे लिहिली होती, दोघांची पूर्ण, आडनावांसकट.

आमच्या घरावरची ती खोली अजून रिकामीच आहे. भाडेकरू ठेवा, असे चारजण सुचवून गेले. आम्ही थांबलो आहोत. भाचा ज्या दिवशी म्हणेल, “मामा, आता तिकडे यायला हरकत नाही,” त्या दिवशी आमच्या वस्तीत समता आली असे आम्ही समजू. तोवर 14 एप्रिलच्या भाषणात हा विषय घेणे आमच्याकडे लागले.