सायकस म्हणजे साबुदाणा नव्हे

वाचकहो, आमच्या मुंबईच्या नर्सिंगच्या बॅचमधली एक मैत्रीण पुष्कळ वर्षं कुवेतमध्ये नोकरीला होती. आता ती ठाण्याला असते. फोनवर आम्हां दोघींचा विषय हमखास झाडांवर जातो. कुवेतला तिच्या इमारतीच्या दारात दोन सायकस होती. तेच झाड इस्राएलात आमच्या बागेतही आहे, म्हणून हे चार शब्द.

लांबून ते खजुराचं रोप वाटतं. पण खजूर ताडाच्या कुळातला, त्याला फुलं-फळं येतात. सायकसला फूल नाही, फळही नाही, बी उघडंच. त्याचा वंश फुलझाडांच्याही आधीचा. मूळ घर जपानची दक्षिणेकडची बेटं. एक गोष्ट मात्र खजुरासारखी: नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराला मधोमध लांबट कणीस येतं. मादीला लोकरीसारखी पिवळट गादी येते, तिच्यात शेंदरी बिया धरतात. याचं पुरुषबीज चक्क पोहत जातं, हे जपानच्या इकेनो यांनी १८९६ साली शोधलं.

कुवेतचं ऊन काय सांगावं! जुलै २०१६ मध्ये मित्रिबा इथे ५३.९ अंश नोंदले गेले. अशा ठिकाणी सायकसला दुपारची सावली, निचऱ्याची माती आणि बेताचं पाणी लागतं. त्याच्या मुळांना पोवळ्यासारख्या गाठी असतात. त्यांतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. वाढ फार सावकाश. मैत्रीण म्हणते, "माझं कॉन्ट्रॅक्ट तीनदा रिन्यू झालं, तेव्हा कुठे झाड वीतभर वाढलं!"

आता मुद्द्याचं. इंग्रजीत याला सागो पाम म्हणतात. तिच्या शेजारी मुलाकडे आलेल्या एक आजीबाई ते नाव ऐकून ओटीत बिया गोळा करू लागल्या, "साबुदाण्याचंच झाड ना गं हे?" मैत्रिणीने वेळीच थांबवलं. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. सायकस सगळंच विषारी, बी सर्वांत जास्त. त्यातलं सायकॅसिन यकृताला मारक आहे. भाजलं-शिजवलं म्हणून ते जाईल अशा भरवशावर राहू नये.

नातवंडाने बी तोंडात घातलं, तर उलटी सुरू व्हायची वाट पाहू नका आणि घरी मुद्दाम उलटी काढू नका. बी सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. कुत्र्यांनाही ते जिवावर बेततं.

आणि मुलांनो, नवी पालवी फुटेल तेव्हा जरूर बघा. एकेक पाती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. मात्र डोळ्यांनीच बघायचं. बिया तिथेच राहू द्यायच्या.