वाड्यावरचं झिपरं

दिवाळी सरली की माण-खटावाकडचे धनगर कराड-पाटणच्या वाटेला लागतात. काही वाडे, म्हणजे धनगरांचे तांडे, कुंभार्ली घाट उतरून पार कोकणात जातात. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, मेंढरांमागं मेंढके. या लवाजम्यात बहुधा एखादं झिपरं कुत्रं असतंच. अंगावर गोखरूंनी गुंतलेले केस, एक कान फाटका, आणि परक्याला शेपूट हलवून दाखवायची नाही असा पण केलेला.

विलायतेतला बॉर्डर कॉली नुसत्या नजरेनं कळप वळवतो म्हणे. आपलं झिपरं त्या फंदात पडत नाही. वळवायचं काम मेंढक्याचं, शिट्टीनं नि हाळीनं. हे दिवसभर मेंढरांच्या बाजूनं रेंगाळत चालतं. बघणाऱ्याला फुकटखाऊ वाटावं. त्याची पाळी दिवस मावळल्यावर. शेतकऱ्याला लेंडीखत हवं, धनगराला धान्य-पैसा; मग रानात वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागते, मेंढरं आत बसतात आणि झिपरं जागं होतं. हे त्याला कुणी शिकवत नाही. पिल्लू असल्यापासून कोकरांत लोळलेलं, म्हणून मेंढरू त्याच्या घरचं. मोबदला भाकरी, जमलं तर ताक.

माणदेशात वैरी लांडगा. चार कुत्री एकदम उठली की तो बहुधा काढता पाय घेतो. कराडच्या उसात मात्र बिबट्या दबा धरून असतो, आणि त्याला कुत्रं फार आवडतं. म्हणजे राखणदारच शिकार! हिमाचलातले गद्दी मेंढपाळ यासाठीच कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. इकडं उसाच्या कडेला वाडा पडला तर कुत्री माणसांजवळ घेतलेली बरी, असं मला वाटतं. एकटं गस्तीला गेलेलं झिपरं परत येईलच असं नाही.

मान मिळतो तो देवाच्या दारी. खंडोबाच्या सोबत कुत्रं असतंच, आणि त्याची बाणाई तर धनगराचीच लेक. कराड तालुक्यात तारळीकाठच्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात. संगम माहुलीला थोरल्या शाहूंच्या खंड्याची समाधीही आहे. पण तो पडला राजाचा कुत्रा.

गद्दी कुत्र्याची देशी जात म्हणून आता सरकारी नोंद झाली. झिपऱ्याला ना वंशावळ, ना कागद. वाड्याला जे उपयोगी पडलं ते टिकलं, एवढंच त्याचं कूळ. रात्री वाड्याजवळून मोटारसायकलवर जाणाऱ्याला ते विचारायला सवडही नसते.