तासगावची काडी

सांगलीहून एस.टी.नं तासगावकडे निघालं, की गणपतीचं सातमजली गोपूर दिसण्याआधीच द्राक्षबागा लागतात. ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्ष इथलंच बरं का! बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ते थॉम्सन सीडलेसमधून निवडलं. मग काडी पाव्हण्यारावळ्यांत, बागेबागेत गेली. सरकारी पत्रकापेक्षा शेजारच्या बांधावरचे घड लवकर पटतात ना!

पण नुसत्या काडीनं भागत नाही. विरळणी करायची, एकेक घड जिब्रेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचा. हे ‘डिपिंग’ करणारे हात पुष्कळदा बायकांचे. आज या बागेत, उद्या त्या. हातातली युक्तीही त्यांच्याबरोबर फिरते. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा घरधन्याचंच!

नवा बेदाणा हवा असेल, तर उन्हाळ्यात जावं.