बिलगावचा धबधबा

सातपुड्यात धबधबा कुठे म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले : "हे काय, इथंच!" हे 'इथंच' दोन डोंगर ओलांडल्यावर येते. आमच्या काउंटरवरच्या 'उद्या या'चेच हे डोंगरी भावंड.

धडगाव तालुक्यातल्या बिलगावचा, उदई नदीवरचा धबधबाही असाच आडबाजूचा. पण नुसता शोभेचा नव्हे हो! २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून त्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचे जनित्र चालवले आणि घरोघरी दिवे लावले. आम्ही शहरी माणसे जिन्यातला बल्ब गेला तरी सोसायटीची सभा बोलावतो!

पुढे २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी चढले आणि ते वीजघर बुडाले. धरणाची वीज १४५० मेगावॉट. त्यापुढे बिलगावची म्हणजे लाखातला एक हिस्सा. एवढीशी रक्कम कोण मोजतो, असे मोठी माणसे म्हणतील.

आम्ही कारकून माणसे. संध्याकाळी ताळ्यात एका पैशाचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत आम्हाला कुणी घरी जाऊ देत नाही.